स्वादुपिंड आणि प्लीहा काढण्याची शस्त्रक्रिया: आधी आणि नंतर या चुका टाळा

स्वादुपिंडाच्या शेपटीत, म्हणजे त्याच्या डावीकडच्या टोकात, गाठ निघाली की घरात चर्चा होते ती गाठीची. कॅन्सर आहे का, किती मोठी आहे, मुंबईला न्यायचे की नाशिकमध्येच करून घ्यायचे. प्लीहेचे, म्हणजे रक्तातले जंतू गाळणाऱ्या शेजारच्या अवयवाचे, नाव कोणी काढत नाही. ‘तिच्यावाचून काही अडत नाही’ असे कोणीतरी सांगते आणि विषय संपतो. हे अर्धेच खरे आहे. प्लीहेची धमनी आणि शीर स्वादुपिंडाला चिकटूनच जातात, त्यामुळे शेपटी काढताना बऱ्याचदा प्लीहाही काढावी लागते. टाके सुकले, जेवण सुरू झाले, माणूस कामाला लागला, तरी पुढे आयुष्यभर जो धोका उरतो तो प्लीहा नसल्याचा.

म्हणूनच पहिली चूक ऑपरेशनच्या आधीच होते: लसींचा विषय कोणीच काढत नाही. सर्जनला वाटते फिजिशियनने सांगितले असेल, फिजिशियनला वाटते सर्जनने. न्यूमोकोकल, मेनिन्गोकोकल आणि हिब या न्यूमोनिया-मेंदूज्वराच्या जंतूंवरच्या तीन लसी ठरलेल्या ऑपरेशनच्या किमान 14 दिवस आधी घ्यायच्या असतात. कारण सरळ आहे. प्लीहा शरीरात असताना या लसींना मिळणारा प्रतिसाद चांगला असतो आणि तो तयार व्हायला तेवढे दिवस लागतात. न्यूमोकोकलची कॉन्जुगेट लस (पीसीव्ही) आधी घ्यावी. पुढे त्याच जंतूच्या 23 प्रकारांवरची लस लागणार असेल तर ती किमान 8 आठवड्यांनी. मेनिन्गोकोकलचा दुसरा डोसही साधारण 8 आठवड्यांनी असतो, आणि तो हमखास राहून जातो, कारण तोवर सगळ्यांचे लक्ष टाक्यांवर आणि बायोप्सीच्या रिपोर्टवर असते. अपघातात प्लीहा फुटून तातडीने काढावी लागली तर लसी ऑपरेशननंतर 14 दिवसांनी द्याव्यात. पुढे केमोथेरपी होणार असेल तर लसींच्या तारखा तिच्या आधी बसवून घ्या. मोठ्यांच्या या लसी प्रत्येक मेडिकलमध्ये फ्रिजमध्ये तयार नसतात, तेव्हा आठवडाभर आधी मागणी नोंदवा.

तंबाखूबद्दल लोक खरे सांगत नाहीत. ‘सिगारेट नाही हो’ म्हणतात आणि मशेरी रोजची असते. किमान 4 आठवडे आधी सगळे बंद हवे: विडी, सिगारेट, गुटखा, मशेरी. दारू रोजची असेल तर मात्र ती स्वतःच्या मनाने एका दिवसात तोडू नका, डॉक्टरांना प्रमाण खरे सांगा. रोज पिणाऱ्याची दारू अचानक सुटली की ऑपरेशनच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वॉर्डात हात थरथरणे, भ्रम होणे असे प्रकार होतात आणि ते ऑपरेशनची गुंतागुंत म्हणून शोधत बसावे लागते.

तीन चेंडूंचे स्पायरोमीटर, म्हणजे श्वासाच्या व्यायामाचे यंत्र, घरी आणले जाते आणि त्यात फुंकर मारली जाते. ते फुंकायचे यंत्र नाही. नळी ओठांत घट्ट धरायची, श्वास सावकाश आत ओढायचा, चेंडू वर गेले की 3 ते 5 सेकंद तसेच धरायचे, मग नळी काढून श्वास सोडायचा. जागेपणी दर तासाला 10 वेळा. ऑपरेशन डाव्या बरगड्यांखाली होते, दुखण्याच्या भीतीने माणूस वरवर श्वास घेतो, आणि डाव्या फुप्फुसाच्या तळाशी कफ किंवा पाणी साठते. यंत्राची सवय आधीच लावली तर नंतर दुखत असतानाही हात आपोआप तिकडे जातो. खोकताना पोटावर उशी घट्ट धरा.

औषधांबाबत दोन गोष्टी. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यांसारखी रक्त पातळ करणारी औषधे स्वतः बंद करू नका आणि स्वतः चालूही ठेवू नका. स्टेंट असेल तर हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन मिळून घेतात. शुगरच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर ती साधारण 3 दिवस आधी थांबवावी लागते, नाहीतर शुगरचा आकडा फारसा चढलेला नसतानाही रक्तात आम्ल साठू शकते. ‘शुगरची गोळी’ एवढेच सांगू नका, पाकीटच दाखवा. आयुर्वेदिक चूर्ण, काढे, वजन वाढवायची पावडर हेही सांगायचे असते.

उपाशी राहण्याचा हिशेबही चुकतो. जड जेवणानंतर 8 तास, हलक्या खाण्यानंतर 6 तास आणि साध्या पाण्यानंतर 2 तास, असा सर्वसाधारण नियम आहे. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही, तो खाण्यात धरतात. ‘फक्त दोन घोट चहा घेतला’ एवढ्यावरून सकाळची केस दुपारवर गेल्याचे प्रसंग कमी नाहीत. तुमच्या भूलतज्ज्ञांनी वेगळी वेळ दिली असेल तर तीच पाळा.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून करायचे असेल तर पूर्वमंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते. रेशनकार्ड आणि आधारवर नाव सारखे आहे का ते पाहा आणि दाखल होण्याआधीच आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला, भेटा.

घरी आल्यावरची पहिली डोकेदुखी म्हणजे ड्रेन. स्वादुपिंड जिथे कापले तिथून पाचक रस झिरपू शकतो, आणि तो बाहेर यावा म्हणून नळी ठेवतात. फुग्याच्या आकाराचा ड्रेन असेल तर रिकामा केल्यावर तो मुठीत पूर्ण दाबून, दाबलेल्या अवस्थेतच झाकण लावायचे. फुगा टम्म फुगलेला दिसत असेल तर तो ओढ घेत नाही, नुसता लटकलेला आहे. तो नेहमी जखमेच्या खालच्या पातळीवर ठेवा, सदऱ्याला पिनेने अडकवा. रोज एकाच वेळी, 24 तासांचे पाणी मिलिलिटरमध्ये मोजून वहीत लिहा आणि पुढे रंग लिहा. फिकट लालसर किंवा पिवळसर पाणी हळूहळू कमी होत जाणे चांगले. करडे, गढूळ, भांडी धुतलेल्या पाण्यासारखे दिसले तर तो रस असण्याची शक्यता मोठी. तिसऱ्या दिवशी किंवा नंतर ड्रेनमधले अमायलेज (स्वादुपिंडाच्या रसातले एक एन्झाइम) रक्तातल्या कमाल मर्यादेच्या तिपटीपेक्षा जास्त आले तर गळतीचा संशय धरतात. गळती ऐकून घाबरून जाऊ नका. पुष्कळदा ती नळीवरच काही आठवड्यांत थांबते. चूक होते ती ‘पाणी कमी झाले’ म्हणून नळी लवकर काढण्याचा आग्रह धरण्यात, किंवा पाणी अचानक शून्यावर येऊन ताप भरला तरी ‘बरे झाले, थांबले’ समजण्यात. ती नळी बुजलेली असू शकते. नळीभोवतीची कातडी लाल होऊन जळजळत असेल तर रस कातडी खातो आहे. तिथे हळद, तूप लावू नका, संरक्षक क्रीम किंवा पिशवी लावून घ्या.

ड्रेनमध्ये ताजे रक्त आले, उलटीत रक्त दिसले किंवा शौचाला डांबरासारखी काळी झाली, तर मात्र एक मिनिटही वाट पाहायची नाही. पहिल्यांदा थोडेसेच येते आणि थांबतेही. घरचे निवांत होतात. पण स्वादुपिंडाच्या रसाने एखादी धमनी झिजली असेल तर त्या थोड्याशा रक्तानंतर काही तासांत किंवा काही दिवसांत मोठा रक्तस्राव होतो. हे ऑपरेशननंतर दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या आठवड्यातही होऊ शकते, म्हणजे माणूस घरी असताना. जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन घेण्यात वेळ घालवू नका. 108 ला फोन करा आणि रात्रीसुद्धा सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) होते अशा मोठ्या रुग्णालयात न्या. मुंबईत ऑपरेशन झाले असेल तर नाशिकमध्ये असे रुग्णालय कोणते, हे डिस्चार्जच्या आधीच विचारून ठेवा. कसारा घाट उतरून परत जाण्याइतका वेळ त्या रात्री नसतो. डिस्चार्ज कार्डाबरोबर ऑपरेशन नोटची प्रतही मागून घ्या. नेमके काय कापले आणि काय ठेवले ते तिच्यात असते.

आता जेवण. भेटायला येणारा प्रत्येक जण ताकदीसाठी काहीतरी आणतो: डिंकाचे लाडू, साजूक तुपातला शिरा. स्वादुपिंड पूर्ण काढले असेल, किंवा उरलेला भाग पुरेसा रस बनवत नसेल, तर ही चरबी पचत नाही. शौच तेलकट, पांढुरकी, उग्र वासाची होते, पाण्यावर तरंगते, भांड्याला चिकटते, आणि खाऊनही वजन उतरते. मग घरचे दुसऱ्या टोकाला जातात: तेल-तूप पूर्ण बंद, नुसती पेज. वजन आणखी उतरते. चरबी तोडणे हा उपाय नाही, अन्न पचवणाऱ्या एन्झाइमच्या कॅप्सूल पुरेशा घेणे हा उपाय आहे. मुख्य जेवणाला 40,000 ते 50,000 युनिट लायपेज (चरबी पचवणारे एन्झाइम) आणि मधल्या खाण्याला 25,000, इथून साधारण सुरुवात होते. पुढे शौचाकडे आणि वजनाकडे पाहून डॉक्टर प्रमाण वाढवतात. कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर घ्यायची. दोन असतील तर एक सुरुवातीला, एक जेवणाच्या मध्यावर. जेवण झाल्यावर आठवण आली तर तिचा उपयोग फारसा उरत नाही, कारण तिने अन्नात मिसळायला हवे. चावू नका, गरम चहाबरोबर गिळू नका. फळ, कोरा चहा, लिंबू सरबत यांना लागत नाही. ग्लासभर दूध, बटाटेवडा, तर्रीची मिसळ यांना लागते, आणि मिसळीला जास्तच.

जेवणानंतर चमचाभर घ्यायचे पाचक सिरप हा याला पर्याय नाही. हिंग्वाष्टकही नाही. या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात, हे अनेकांना उशिरा कळते आणि मग गुपचूप औषध बंद होते. शाकाहारी, जैन, मुस्लिम घरांत हे ऑपरेशनपूर्वीच उघड बोलून घ्या. सध्या त्यांच्या तोडीचा वनस्पतिजन्य पर्याय नाही. डबी 25 अंशांखाली ठेवायची असते. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये ती गाडीच्या डॅशबोर्डवर राहिली की कॅप्सूल दिसायला तशीच राहते, पण आतले एन्झाइम मरतात. ‘घेतो तरी जुलाब होतात’ अशी तक्रार आली की आधी हेच विचारावे.

प्रथिने किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम लागतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला रोज 72 ते 90 ग्रॅम. एका अंड्यात 6, पावशेर दुधात सुमारे 8, शंभर ग्रॅम पनीरमध्ये 18 च्या आसपास. नुसत्या वरण-भातावर हा आकडा गाठत नाही. दिवसातून सहा वेळा थोडे थोडे खा.

शेपटीच काढली असेल तर अनेकांची शुगर ठीक राहते, काहींची महिन्यांनी चढते. पूर्ण स्वादुपिंड काढल्यास इन्सुलिन पहिल्या दिवसापासून आणि कायमचे. हा मधुमेह शेजारच्या काकांसारखा नाही. शुगर वर उचलणारे ग्लुकागॉनही स्वादुपिंडातच बनते, तेही गेलेले असते, म्हणून शुगर अचानक आणि खोल उतरते. 70 च्या खाली गेली, घाम फुटला, हात कापू लागले, तर 3 चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात घालून प्यावी, 15 मिनिटांनी पुन्हा मोजावी. पेढा, लाडू देऊ नका. त्यातले तूप साखरेला रोखून धरते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीच घालू नका, थेट रुग्णालय गाठा. एकादशी-चतुर्थीचे उपवास इन्सुलिनवर असताना नकोत. आणि एक बारीक गोष्ट: प्लीहा काढल्यावर तांबड्या पेशी जास्त दिवस टिकू शकतात, त्यामुळे एचबीएवनसीचा, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा, आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. ग्लुकोमीटरची वही सोबत न्या.

आता ताप. प्लीहा काढलेल्या माणसाचा 100.4 च्या वरचा ताप हा ‘व्हायरल’ नसतो, जोपर्यंत डॉक्टर तसे सिद्ध करत नाहीत. न्यूमोकोकससारखे जंतू रक्तात शिरले तर सकाळची कणकण संध्याकाळी शॉकपर्यंत, म्हणजे रक्तदाब कोसळण्यापर्यंत, जाऊ शकते. पॅरासिटामोल घेऊन रात्र काढणे ही या सगळ्या लेखातली सर्वात महागडी चूक आहे. गोळीने ताप उतरतो, जंतू वाढतच राहतात. थंडी वाजून हुडहुडी, उलट्या, अंग मोडून येणे, गुंगी यांत ताप नसला तरी रुग्णालयात जायचे. डॉक्टरांनी राखीव अँटिबायोटिक लिहून दिलेले असते, बहुधा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेट. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर दुसरे. ताप दिसताच पहिला डोस घ्यायचा आणि लगेच निघायचे. डोस घेऊन घरी थांबायचे नाही. केसपेपर काढतानाच पहिले वाक्य हे: ‘प्लीहा काढलेली आहे.’ तसे कार्ड पाकिटात आणि फोटो मोबाइलच्या लॉक स्क्रीनवर असू द्या. धोका पहिल्या दोन-तीन वर्षांत जास्त, पण संपत कधीच नाही.

प्लीहा गेल्यावर प्लेटलेट वाढतात, पहिल्या तीन आठवड्यांत खूपच. यकृताकडे जाणाऱ्या शिरेत गुठळी होऊ नये म्हणून पोटावर घ्यायची इंजेक्शने लिहून दिली असतील तर दुखते म्हणून सोडू नका. मुंबईहून येताना इगतपुरीला उतरून दहा मिनिटे चाला. पुढे पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट थोड्या चढ्याच राहतात, म्हणून बरे असतानाचा एक सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचा) रिपोर्ट फाइलला लावून ठेवा. आजारपणात तुलना त्याच्याशी करता येते.

सहा आठवडे 5 किलोपेक्षा जास्त उचलू नका. भरलेली बादली, गॅसची टाकी, नातू, काहीच नाही.

कुत्रा चावला तर साबणाने 15 मिनिटे धुणे आणि रेबीजची लस हे सगळ्यांसाठीच आहे. प्लीहा नसलेल्याला त्याशिवाय अँटिबायोटिक लगेच लागते, अगदी खरवडल्यासारखे दिसले तरी, आणि ते मागून घ्यावे लागते. हिवतापाच्या भागात जायचे असेल तर आधी गोळ्या विचारा. 2027 च्या सिंहस्थात रामकुंडावरच्या गर्दीत जायचा बेत असेल तर मेनिन्गोकोकलचे दोन्ही डोस झालेले हवेत. हा डोस दर 5 वर्षांनी पुन्हा लागतो आणि फ्लूची लस दरवर्षी. ड्रेन किंवा उघडी जखम असताना गोदावरीत बुडी मारू नका, बादलीभर पाणी घरी आणले तरी ते जखमेवर घालू नका.