न्यूटन अडकतोय? हेसियनला हात लावण्याआधी या चुका टाळा

एक उदाहरण समोर ठेवू. २५ निरीक्षण विहिरींमधली पाण्याची पातळी मोजलेली आहे आणि त्यावरून जमिनीखालच्या थराची पारगम्यता ठिकठिकाणी किती आहे हे शोधायचं आहे. पातळी डार्सीच्या नियमातून (भूजलाचा प्रवाह पातळीच्या उताराच्या प्रमाणात असतो) येणारं समीकरण पाळते. अज्ञात आहे पारगम्यतेचा लॉगरिदम, म्हणजे पारगम्यता ऋण होण्याची भीती नाही. कमी करायचं उद्दिष्टफल म्हणजे मोजलेल्या आणि काढलेल्या पातळीतल्या तफावतीचा वर्ग, अधिक रेग्युलरायझेशन (उत्तर फार खडबडीत होऊ नये म्हणून घातलेला दंड). आंशिक विकलक समीकरणांच्या बंधनाखाली न्यूटनची पद्धत (ग्रेडियंट म्हणजे पहिली विकलजं आणि हेसियन म्हणजे दुसरी विकलजं वापरून पुढचं पाऊल ठरवणारी) चालवताना होणाऱ्या बहुतेक चुका या एका उदाहरणात सापडतात.

न्यूटन अडकला की नवशिके आधी हेसियनवर संशय घेतात, मग लाइन सर्चमधले (दिशा ठरल्यावर पाऊल किती लांब टाकायचं ते शोधणाऱ्या भागातले) आकडे बदलत बसतात. दोष बहुधा त्याच्या खाली असतो: ग्रेडियंटमध्ये किंवा समीकरणं सोडवणाऱ्या सॉल्व्हरमध्ये.

टेलर चाचणी केली, पण वाचली नाही

एखादा बिंदू आणि एक यादृच्छिक दिशा घ्या. त्या दिशेने ०.१, ०.०५, ०.०२५ अशी निम्मी होत जाणारी पावलं टाका. प्रत्येक वेळी उद्दिष्टफलात खरोखर पडलेल्या फरकातून ग्रेडियंटने वर्तवलेला फरक वजा करा. ग्रेडियंट बरोबर असेल तर पाऊल निम्मं झालं की उरलेली बाकी एक चतुर्थांश होते, म्हणजे लागोपाठच्या बाक्यांचं गुणोत्तर ४ येतं. चुकलेला असेल तर २ येतं.

गोंधळ होतो तो ग्रेडियंट थोडासाच चुकलेला असतो तेव्हा. बाकीतल्या वर्गपदाचा गुणक १ आणि चुकीमुळे आलेल्या एकघाती पदाचा गुणक फक्त ०.०१ धरा. ०.१ पासून सुरुवात केली तर गुणोत्तरं अशी येतात: ३.६७, ३.४३, ३.११, २.७७, २.४८. पहिला आकडा बघून ‘चारच्या जवळ आहे, चालेल’ असं म्हणून पुढे जाणारे पुष्कळ. तो चालत नाही. गुणोत्तर ४ कडे जातंय की २ कडे घसरतंय हे बघायचं असतं, आणि त्यासाठी किमान सहा पावलं लागतात. पाऊल फारच लहान झालं की राउंड-ऑफमुळे बाकी घटायची थांबते, तिथले आकडे सोडून द्या.

चाचणी कुठे करता हेही तितकंच महत्त्वाचं. लॉगरिदम सगळीकडे शून्य धरून कधीही करू नका. तिथे पारगम्यता १ असते, त्यामुळे ग्रेडियंटमध्ये घातांकी गुणक लिहायचा राहून गेला तरी ग्रेडियंट बरोबरच दिसतो. तफावत शून्य असलेल्या बिंदूवरही नको, कारण तिथे ॲडजॉइंटच (ग्रेडियंट काढायला लागणाऱ्या सोबतच्या समीकरणाचं उत्तर) शून्य असतो आणि त्याच्यातली चूक झाकली जाते. मी बिंदू आणि दिशा दोन्ही यादृच्छिक घेतो आणि चाचणी कोडमध्ये कायमची ठेवतो. मॉडेलमध्ये एक ओळ बदलली तरी ती पुन्हा चालवायची.

तलावाच्या काठावरचा ॲडजॉइंट

हीच चूक वर्षानुवर्षं तशीच दिसत राहते, म्हणून जरा सविस्तर.

क्षेत्राची एक कड तलावाला लागून आहे आणि तिथली पातळी माहीत आहे, समजा १२ मीटर. मूळ समीकरणात ती अट घातली. मग ॲडजॉइंट समीकरण लिहिताना सीमा-अटींचा तोच तुकडा कॉपी केला, आणि ॲडजॉइंटलाही काठावर १२ मिळाले. खरं तर तिथे शून्य हवं. पारगम्यता कितीही बदलली तरी तलावाची पातळी हलत नाही, त्यामुळे काठावर पातळीतला बदल शून्य असतो आणि ॲडजॉइंट त्या बदलांच्याच अवकाशात राहतो.

ही चूक लपते ती अशी: कोड तपासायला घेतलेल्या छोट्या प्रश्नात तलावाची पातळी सोयीसाठी शून्य धरलेली असते. अट शून्य, कॉपी केलेली अटही शून्य, टेलर चाचणी झकास उतरते. मग खरी पातळी घातली की पहिल्या दोन-तीन पुनरावृत्त्यांत उद्दिष्टफल उतरतं, नंतर लाइन सर्च हार मानते. ‘छोट्या प्रश्नावर तर चाललं होतं’ या समजुतीने ग्रेडियंटकडे कुणी वळून बघत नाही. कुणी रेग्युलरायझेशन वाढवतं, कुणी मेश (गणनेसाठी क्षेत्रावर टाकलेली जाळी) बारीक करतं. दोन्हींनी आकडे बदलतात, चूक जागेवर राहते.

उपाय एकच: तपासणीच्या प्रश्नात एकही सीमामूल्य शून्य ठेवू नका.

हेसियनच्या गुणाकारातही हेच पाळायचं. प्रत्येक गुणाकाराला दोन रेषीय समीकरणं सोडवावी लागतात, एक पातळीतल्या बदलाचं आणि एक ॲडजॉइंटमधल्या बदलाचं. दोन्हींना काठावर शून्य. इथे चुकलात तर ग्रेडियंट बरोबर असल्याने उत्तर बहुधा बरोबरच येतं, पण शेवटच्या टप्प्यात ग्रेडियंटचं मान दर वेळी ठरावीक पटीनेच कमी होतं, न्यूटनचा वेग लागत नाही. तपासायला दोन यादृच्छिक दिशा घ्या. पहिलीचा हेसियनशी गुणाकार करून दुसरीशी अंतर्गुणाकार, आणि उलट. थेट सॉल्व्हर (पुनरावृत्त्यांशिवाय, मॅट्रिक्सचे गुणनखंड काढून सोडवणारा) असेल तर दोन्ही आकडे निदान दहा अंकांपर्यंत जुळले पाहिजेत. सममिती असूनही हेसियन चुकीचा असू शकतो, म्हणून टेलर चाचणीत दुसरं पदही घाला. गुणोत्तर ८ आलं पाहिजे.

सॉल्व्हरची ढिली सहनमर्यादा

पेट्स्क (PETSc) या समीकरणं सोडवणाऱ्या सॉफ्टवेअर-संग्रहात रेषीय सॉल्व्हरची सापेक्ष सहनमर्यादा आपण काही सांगितलं नाही तर १०⁻⁵ असते. एकदा समीकरण सोडवून चित्र काढायचं असेल तर ती पुरते. न्यूटनला पुरत नाही. समजा उद्दिष्टफल ०.०३ आहे आणि सॉल्व्हरमुळे त्यात १०⁻⁷ इतकी खळबळ आहे. शेवटच्या टप्प्यात एका पावलाने मिळणारी घट १०⁻⁸ असेल तर लाइन सर्चला ती दिसणारच नाही. पाऊल १, अर्धं, पाव असं निम्मं होत राहतं आणि शेवटी ‘उतार सापडला नाही’ असा निरोप येतो. दिशा बरोबर असते. मोजपट्टीच्या खुणा जाड असतात.

याहून वाईट म्हणजे आधीची पातळी पुढच्या सोडवणुकीला सुरुवात म्हणून देणं. वेळ वाचतो, पण उद्दिष्टफल कुठून आलात यावर अवलंबून राहायला लागतं. ओळखायची युक्ती सोपी आहे. एका बिंदूवर उद्दिष्टफल काढा, शेजारच्या बिंदूवर काढा, परत पहिल्यावर काढा. पहिला आणि तिसरा आकडा ज्या अंकापासून वेगळे होतात, त्या अंकापुढे लाइन सर्चला काही विचारू नका.

तपासणीच्या काळात मी थेट सॉल्व्हरच वापरतो, आणि प्रश्न त्याच्या आवाक्याबाहेरचा असेल तर सहनमर्यादा १०⁻¹². घाई असलेल्यांना हे उधळपट्टी वाटतं. पण या उदाहरणात मॅट्रिक्स सममित आहे, एकदा गुणनखंड काढले की मूळ, ॲडजॉइंट आणि हेसियनच्या दोन्ही समीकरणांना तेच चालतात.

मेश बदलली, थांबायची अट तीच

ग्रेडियंटचा साधा युक्लिडीय मानक (सदिशाची लांबी) वापरून १०⁻⁶ ला थांबायचं ठरवलेलं असतं. द्विमितीत मेश ३२×३२ ची ६४×६४ केली की ग्रेडियंट-सदिशाचा प्रत्येक घटक साधारण एक चतुर्थांश होतो, घटक चौपट होतात, म्हणजे मानक निम्मा. ५१२×५१२ वर तो १६ पट लहान. अट आपोआप ढिली झाली आणि बारीक मेशवर न्यूटन ‘लवकर संपला’. मास मॅट्रिक्सच्या (मेशवरच्या आधारफलांच्या परस्पर अंतर्गुणाकारांच्या मॅट्रिक्सच्या) व्यस्ताने भारित मानक घ्या आणि पहिल्या ग्रेडियंटशी त्याचं गुणोत्तर बघा.

आतल्या कॉन्जुगेट ग्रेडियंटलाही (न्यूटनची दिशा पुनरावृत्त्यांनी काढणाऱ्या पद्धतीलाही) हेच लागू. प्रीकंडिशनर (प्रणाली सोडवायला सोपी करणारं सोबतचं मॅट्रिक्स) नसेल तर मेश निम्मी करताच पुनरावृत्त्या जवळपास दुप्पट होतात. रेग्युलरायझेशनचं मॅट्रिक्सच प्रीकंडिशनर म्हणून द्या, ते सिंग्युलर असेल तर मास मॅट्रिक्सचा छोटा भाग मिळवून. २५ विहिरी असतील तर गाउस-न्यूटन हेसियनमधल्या (तफावतीची दुसरी विकलजं सोडून दिलेल्या हेसियनमधल्या) मोजमापाच्या भागाचा दर्जा (रँक) २५ च्या वर जात नाही, म्हणून अचूक अंकगणितात २६ पुनरावृत्त्यांत काम संपतं, मेश कितीही बारीक असो.

बाकीच्या थोडक्यात

सुरुवातीलाच रेषीय प्रणाली १०⁻¹⁰ पर्यंत सोडवू नका. आयझेनस्टॅट आणि वॉकर यांनी १९९६ मध्ये आतली अचूकता कशी निवडावी ते नीट मांडलं आहे. ०.५ आणि ग्रेडियंट-गुणोत्तराचं वर्गमूळ यांतलं जे लहान ते घ्या.

कॉन्जुगेट ग्रेडियंटमध्ये ऋण वक्रता आली की तिथेच थांबा आणि तोवरची दिशा परत द्या. पहिल्याच फेरीत आली तर प्रीकंडिशनर लावलेला ऋण ग्रेडियंट. हेसियनमध्ये कर्णावर एखादा आकडा मिळवून वेळ मारून नेऊ नका. पहिल्या तीन-चार फेऱ्या गाउस-न्यूटनने काढल्या तर ही वेळ सहसा येत नाही.

चलांवर मर्यादा असतील तर पूर्ण न्यूटन पाऊल टाकून मग कापणं चुकीचं आहे, त्याने उद्दिष्टफल वाढूही शकतं. बर्टसेकास यांनी १९८२ मध्ये हे दाखवलं. मर्यादेला टेकलेले चल आधी वेगळे काढा, मग उरलेल्यांवर न्यूटन.

प्रवाह प्रबळ असलेल्या समीकरणात स्थिरीकरण घातलं असेल तर ॲडजॉइंटसाठी नवं स्थिरीकरण बेतू नका, असलेल्या मॅट्रिक्सचं ट्रान्सपोज घ्या.

आणि चाचणीसाठी कृत्रिम मोजमाप तयार करताना उलट प्रश्नाचीच, म्हणजे पातळीवरून पारगम्यता शोधण्याच्या प्रश्नाची, मेश वापरू नका. दुप्पट बारीक मेशवर पातळी काढा, तीत १ टक्का गोंगाट मिसळा, आणि तफावत गोंगाटाच्या पातळीला येईल इतकंच रेग्युलरायझेशन ठेवा.