डोळ्यात पिवळा डाग दिसतोय? घरी आधी हे तपासा

डोळ्याच्या पांढऱ्या भागात पिवळं काही दिसलं की घरात कुणीतरी 'कावीळ' म्हणतंच. म्हणून आधी तिचाच निकाल लावा.

दिवसा खिडकीपाशी आरसा घेऊन बसा. पिवळ्या बल्बच्या उजेडात कावीळ सहज नजरेतून सुटते. खालची पापणी बोटाने हलकेच ओढून वर बघा. दोन्ही डोळ्यांचं सगळंच पांढरं सारखं पिवळं दिसलं, तर तो डाग नव्हे, कावीळच असण्याची शक्यता जास्त. रक्तातलं बिलिरुबिन हे पिवळं रंगद्रव्य दर डेसिलिटरला (१०० मिलिलिटर रक्तात) साधारण २ ते ३ मिलिग्रॅमपर्यंत चढलं की डोळे असे दिसू लागतात. सोबत लघवी गडद किंवा शौच पांढुरकं होत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. चुन्याच्या पाण्यात हात बुडवून कावीळ 'उतरवून' देणाऱ्याकडे वेळ घालवू नका. हाताला आधी आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस चोळलेला असतो, त्याने पाणी पिवळं होतं. यकृताला त्याचा पत्ताही नसतो. तळहात पिवळे आणि डोळे मात्र पांढरेशुभ्र असतील, तर गाजर-पपईचा अतिरेक आठवून बघा.

पिवळेपणा एकाच ठिकाणी असेल, तर जागा बघा. बुबुळाच्या कडेला, बहुधा नाकाच्या बाजूला, किंचित उंच पिवळसर ठिपका हा बहुतेक वेळा पिंग्वेक्युला असतो. वर्षानुवर्षांचं ऊन, धूळ, वारा यांनी डोळ्यावरचं पातळ आवरण तिथे जाड होतं. शेतात, समुद्रावर किंवा दिवसभर दुचाकीवर असणाऱ्यांत तो बराच दिसतो. तो कर्करोग नव्हे, त्याने नजरही जात नाही. उन्हात यूव्ही किरण अडवणारा गॉगल आणि टोपी वापरा. चुरचुर होत असेल तर डॉक्टर डोळे ओले ठेवणारे थेंब देतात. दर काही महिन्यांनी मोबाइलवर जवळून फोटो काढून जुन्याशी ताडून बघा. तांबूस, मांसल त्रिकोण बुबुळावर सरकू लागला असेल, तर ती 'वेल', म्हणजे टेरिजियम. मग नेत्रतज्ज्ञाकडे जायलाच हवं.

डाग पापणीच्या कातडीवर, नाकाजवळ असेल तर बहुधा ती साठलेली चरबी. कोलेस्टेरॉल तपासून घ्या.

लहान मुलाच्या बाबतीत मात्र थांबू नका. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखा, कोरडा, मळकट डाग दिसला आणि अंधार पडल्यावर मूल अडखळत असेल, तर ते 'अ' जीवनसत्त्वाच्या कमतरतेचं लक्षण आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. ९ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंतचे या जीवनसत्त्वाचे डोस राहिलेत का, हेही विचारा. नवजात बाळाचे डोळे पिवळे दिसले तरी उन्हात धरत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

दुखतंय, नजर धूसर झालीय, उजेड सहन होत नाही किंवा डाग झपाट्याने वाढतोय, तर लगेच डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. तोवर मध, गुलाबपाणी काही घालू नका. शेजाऱ्याच्या घरातली थेंबांची उरलेली बाटलीही नको: त्यात स्टेरॉइड असेल, तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो.