क्रूझच्या डायनिंग रूममध्ये नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

सीडीसी (जहाजावर काम करण्यासाठी लागणारी नोंदपुस्तिका), एसटीसीडब्ल्यूचे (जहाजावरील सुरक्षेचे) कोर्स आणि मेडिकल यांची माहिती आपल्याला असेलच, म्हणून थेट कामाविषयी लिहितो. जिथे गर्दी जास्त तिथे प्रवासी एकमेकांत जास्त मिसळतात, अशी बहुतेक नवख्या वेटरांची समजूत असते. माझीही होती आणि ती महागात पडते. जहाज बंदराला लागत नाही त्या दिवशी लिडो डेकवरचा (पूल असलेल्या वरच्या मजल्यावरचा) बुफे तुडुंब भरलेला असतो, पण तिथे प्रत्येक जण हातातली प्लेट सांभाळत रिकामी खुर्ची शोधत असतो. स्विमिंग पूलच्या कडेच्या खुर्च्याही सकाळीच टॉवेल टाकून अडवलेल्या असतात. अशा ठिकाणी लोक खेटून बसतात, परंतु बोलतात ते आपापल्या कुटुंबातच.

मेन डायनिंग रूममध्ये ठरावीक वेळेची पद्धत असेल, तर तीच आठ माणसे रोज त्याच टेबलावर येतात. पहिल्या रात्री मेन्यूकार्डावरून कोणाची नजर हलत नाही. दुसऱ्या रात्री कोणी न सांगता सगळे कालच्याच खुर्च्यांवर बसतात, आणि पुढे एखादी खुर्ची रिकामी दिसली, की बाकीचे आपल्याकडे त्या माणसाची चौकशी करू लागतात. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० साली हव्या त्या वेळी जेवण्याची ‘फ्रीस्टाइल’ पद्धत आणली आणि पुढे इतर अनेक कंपन्यांनीही तसा पर्याय दिला. त्या विभागात ड्युटी लागली, तर टेबलावरची माणसे रोज बदलणार, हे धरूनच चालावे.

कोडी आणि नॅपकिनच्या जादू पाठ करून वेळ मारून नेण्याचा सल्ला अनेक जण देतात. मला तो मुळीच पटत नाही, कारण त्यामुळे सगळ्यांचे लक्ष वेटरकडेच राहते. त्यापेक्षा ब्रेडची टोपली टेबलाच्या मधोमध ठेवावी. ती मागण्याच्या निमित्ताने समोरच्याशी पहिला शब्द बोलला जातो.

प्रवाशांशी सलगी मात्र करू नका. कोणाच्या केबिनमध्ये गेल्याचे उघडकीस आले, तर नोकरी जाते आणि तिथे कोणाचीही ओळख उपयोगी पडत नाही. इंग्रजी अडखळते म्हणून धीर सोडण्याचे कारण नाही. ते रोजच्या वापराने सुधारतेच. यूट्यूबवरच्या व्हिडिओंपेक्षा शेजारच्या सेक्शनमधला जुना वेटर प्लेट कधी उचलतो, हे पाहत जा. टेबलावरच्या शेवटच्या माणसाचे खाणे होईपर्यंत तो थांबतो, त्यामुळे सावकाश जेवणाऱ्या वयस्क बाईंना संकोच वाटत नाही आणि रंगलेल्या गप्पाही मोडत नाहीत.