स्पितीत कुणाच्या घरी मुक्काम करताना

हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात लांगझा किंवा कोमिक या उंचावरच्या गावांत घरगुती मुक्कामाचा बेत असेल, तर काझा या खालच्या मुख्य गावी पोचल्या दिवशीच वर जाऊ नका. काझा साधारण 3,700 मीटरवर, लांगझा 4,400 च्या आसपास. एक-दोन रात्री खाली काढल्या की डोकेदुखी बरीचशी टळते. रोख पैसे सोबत ठेवा, काझाच्या एटीएमवर भिस्त नको.

खरी अडचण होते ती संडासात. जुन्या घरांत तो कोरडा असतो: जमिनीत एक भोक, शेजारी माती-राखेचा ढीग आणि फावडं. काम झालं की फावडंभर माती टाकायची. पाणी ओतायचं नाही, कारण खालच्या खोलीत साठतं त्याचं पुढे शेताला खत होतं. पाण्याशिवाय आपल्या मंडळींचं चालत नाही हे खरं. तेव्हा पाणी कुठे वापरायचं ते आल्या आल्याच घरच्या बाईंना विचारून घ्या, लाजू नका. ओले टिश्यू, पॅड, प्लास्टिक त्यात अजिबात नको. पिशवीत बांधून परत न्या.

संध्याकाळी शेगडीपाशी बोलावलं तर जरूर बसा. लोणी-मिठाचा चहा प्याला रिकामा होताच पुन्हा भरतात, म्हणून पुरे झालं की प्याला भरलेलाच राहू द्या. आणि गावात कुणी शंखाचे जीवाश्म विकायला आणले, तर घेऊ नका.