मीठ कधी टाकायचं? वॉटरकलरमधलं रात्रीचं आकाश

रात्रीचं आकाश रंगवायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ओल्या रंगावर चांदण्या उमटवायला मीठ कोणतं घ्यायचं? अहो, घरात असेल ते घ्या. खरी गोची आहे ती कधी टाकायचं यात. माझी पहिली सात-आठ आकाशं याच्यातच गेली, रंग लावला की उत्साहात लगेच मूठभर मीठ भुरभुरवायचे, ते बिचारं पाण्यात विरघळून जायचं आणि सुकल्यावर कागदावर चांदण्या सोडाच, नुसता खरखरीत पांढुरका थर.

कागद 300 जीएसएमचा (म्हणजे जाड) घ्या, कोल्ड प्रेस (थोडा खडबडीत), कॉटनचा मिळाला तर उत्तमच. इथे पैसे वाचवू नका, पातळ कागदाला एवढं पाणी झेपत नाही, त्याला लाटा येतात आणि सगळा रंग त्या खळग्यांत जाऊन बसतो. चारही बाजूंनी टेप लावून बोर्डवर घट्ट बसवा. रंग मी चारच घेते: इंडिगो, अल्ट्रामरीन, मजेंटा आणि बर्न्ट सिएना. ट्यूबमधला काळा नको, आकाश मेल्यासारखं दिसतं, त्यापेक्षा अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना घाला, छान खोल गडद रंग होतो. शिवाय अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या बारीक खड्ड्यांत बसतात त्यामुळे दाणेदार टेक्श्चर आयतंच मिळतं. थॅलो ब्लू दिसायला भारी पण तो कागदाला असा चिकटतो की नंतर टिपून काढताच येत नाही, म्हणून जिथे उजेड काढायचाय तिथे तो नको.

रंग आधीच कालवून ठेवा, वाटतात त्याच्या दुप्पट. अर्ध्या आकाशात रंग संपला आणि तुम्ही ट्यूब पिळत बसलात की तेवढ्यात कागद सुकून कडक रेघ पडलीच समजा.

आता सपाट ब्रशने कागद साध्या पाण्याने भिजवा, पाणी मुरू द्या, परत भिजवा. आकाशगंगा हवी असेल तर तिरका पट्टा ठरवून तिथे मजेंटा आणि अगदी फिकट निळा सोडा, मग दोन्ही बाजूंनी गडद रंग आत ढकलत आणा, पण पट्ट्याची कड वेडीवाकडीच ठेवा, सरळ आली तर रस्ता वाटतो. बोर्ड थोडा इकडे तिकडे कलवा, रंग आपोआप मिसळतील. वॉटरकलर सुकल्यावर फिका पडतो हे लक्षात ठेवून "बापरे, जास्तच काळं झालं" असं वाटेपर्यंत रंग भरा.

इथून पुढे ब्रश खाली ठेवायचा आणि डोळे कागदाच्या पातळीला आणून तिरकं बघत राहायचं. सुरुवातीला कागद तळ्यासारखा चकाकत असतो, पाणी वर तरंगतंय, आत्ता मीठ नाही. मग ती चकाकी मंदावते, साटनच्या कापडावर असते तशी मऊ चमक राहते, हीच ती वेळ. घाई वाटत असेल तर कोपऱ्यात एकच दाणा टाकून बघा: लगेच विरघळला तर थांबा, तसाच कोरडा बसून राहिला तर उशीर झाला, आणि त्याच्याभोवती हळूहळू फिकट कडं पसरायला लागलं तर टाका बाकीचं. दाणा आजूबाजूचं पाणी ओढून घेतो, त्या ओढीत रंग सरकतो आणि चांदणीसारखा ठिपका उमटतो. बारीक मिठाने धुरळ्यासारखं टेक्श्चर येतं, जाड्या मिठाने मोठी फुलं. चिमूटभर पुरे, आणि सगळीकडे सारखं नको. हेअर ड्रायर लावायचा मोह होतो, लावू नका, मिठाचं काम अर्धवट राहतं. हाताची मागची बाजू कागदाला लावून बघा, गार लागलं म्हणजे आतून अजून ओल आहे. पूर्ण सुकल्यावरच मीठ झटका.

याच साटनवाल्या वेळेला स्वच्छ पाण्याचे दोन-चार थेंब पाडले तर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग फुलतात. एरवी या डागांवर सगळे चिडतात, इथे मात्र ते तेजोमेघ म्हणून खपतात :) रबिंग अल्कोहोलचे थेंब टाकले तर रंग बाजूला पळून गोल कडी तयार होतात, तेही मस्त, फक्त खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास ज्योत नको. पण मीठ, पाणी, अल्कोहोल सगळं एकाच चित्रात कोंबू नका, प्रयोगाची वही वाटते.

तारे सगळ्यात शेवटी. पांढरा गुवाश (अपारदर्शक जलरंग) पातळ सायीइतका कालवा, जुना टूथब्रश बुडवा, आधी रद्दी कागदावर एकदोनदा उडवा कारण पहिला फटका नेहमी मोठ्ठा थेंब टाकतो, मग अंगठ्याने चित्रावर उडवा. पट्ट्यापाशी दाट, लांब विरळ. नंतर बारीक ब्रशने मोजके मोठे तारे द्या, इथे हात आपोआप समान अंतरावर ठिपके मांडतो, मुद्दाम दोन जवळ घ्या आणि बाजूला मोकळं सोडा. मृग नक्षत्र काढणार असाल तर त्यातल्या काक्षीला (बीटलज्यूज) किंचित तांबूस छटा द्या आणि राजन्य (रायजेल) निळसर पांढरा ठेवा.

चंद्रासाठी मास्किंग फ्लुइड (कागद पांढरा राखणारा रबरासारखा द्रव) भिजवण्याआधी, कोरड्या कागदावर लावायचं, आणि ब्रश आधी साबणात बुडवून घ्या नाहीतर तो गेलाच. पौर्णिमेचा चंद्र आणि झगझगीत आकाशगंगा एकत्र काढू नका, त्या उजेडात ती दिसतच नाही. आणि कोर काढलीत तर तिच्या अंधाऱ्या भागात तारा नको, तिथे चंद्रच आहे ना! मी एकदा अगदी मधोमध ठसठशीत तारा दिला होता, चित्र फ्रेम झाल्यावर लक्षात आलं.

खालची झाडं-डोंगर सगळं खडखडीत सुकल्यावर, जाड इंडिगोने. टेप चित्राच्या बाहेरच्या दिशेला, तिरकी आणि सावकाश ओढा, एका झटक्यात ओढलीत तर कागदाचा पापुद्रा निघतो आणि तोही नेमका सगळ्यात चांगल्या कोपऱ्यातला.