शेखावाटीत घोड्यावरून पाच दिवस: गढ ते गढ

राजस्थानात सीकर, झुंझुनू आणि चुरू या तीन जिल्ह्यांत पसरलेला शेखावाटीचा मुलूख घोड्याच्या पायांनीच पाहावा असा आहे. त्यामागे इतिहासही आहे. शार्दूलसिंह शेखावत यांनी 1730 मध्ये झुंझुनू घेतलं. 1742 मध्ये ते वारल्यावर मुलूख पाच मुलांत वाटला गेला. या वाटणीला तिथे पंचपाना म्हणतात. प्रत्येक शाखेनं आपापले गढ उभारले. या मुलांपैकी नवलसिंहांनी 1737 मध्येच नवलगढ वसवलं होतं, पुढे 1755 मध्ये मंडाव्याचा किल्ला उभारला. केसरीसिंहांचा डुंडलोदचा किल्ला 1750 चा. त्यामुळे आजही एका गढापासून दुसरा गढ घोड्याच्या एका मजलेत, कधी अर्ध्याच मजलेत येतो. मधली वाट वाळूची, खेजडीच्या झाडांची आणि मोहरीच्या शेतांच्या कडेची. गाडीनं हेच सगळं दीड दिवसात उरकतं, आणि घरी परतल्यावर कुठली हवेली कुठल्या गावची ते आठवत नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी नवलगढला सुरुवात आणि शेवट होईल असा फेरा धरावा. पहिला दिवस फक्त ओळखीचा: दुपारी दोन तासांची फेरी, घोडा आणि खोगीर जुळतंय का ते पाहायला. दुसऱ्या दिवशी डुंडलोद, मुकुंदगढवरून मंडावा, साधारण 25 किलोमीटर. तिसऱ्या दिवशी मंडावा ते फतेहपूर, 20 च्या आसपास. चौथ्या दिवशी लक्ष्मणगढ, तेवढंच अंतर. पाचव्या दिवशी परत नवलगढ, आणि हा टप्पा सगळ्यांत लांब वाटतो, कारण तोवर मांड्या बोलायला लागलेल्या असतात. ही अंतरं रस्त्याची आहेत. घोड्याची वाट शेतांना वळसे घालत जाते, म्हणून प्रत्येक टप्प्यात चार-पाच किलोमीटर वाढवून धरा. दिवसाला 30 किलोमीटरच्या वर नेणारा कार्यक्रम नवख्यांनी घेऊ नये.

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत जा. मोहरीचा पिवळा रंग पाहायचा तर डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी. मात्र फतेहपूर थंडीसाठी कुप्रसिद्ध आहे. डिसेंबर-जानेवारीत तिथला पारा काही रात्री शून्याखालीही उतरतो. सकाळी धुकं असतं, त्यामुळे साडेआठ-नऊच्या आधी निघण्यात अर्थ नाही. मार्चमध्ये दुपार तापते. एप्रिलनंतर हा बेत सोडून द्यावा, माणसासाठीही आणि जनावरासाठीही. कार्तिकात पुष्करच्या मेळ्याला बरेच घोडेवाले जातात. त्या दिवसांत चांगले घोडे मिळणं अवघड होतं.

आधीची तयारी

माथेरान किंवा महाबळेश्वरला कुणीतरी लगाम धरून फिरवलेला घोडा म्हणजे तयारी नव्हे. पुण्या-मुंबईत रायडिंग शिकवणाऱ्या संस्था आहेत. तिथे आठवड्यातून दोनदा, निदान तीन-चार महिने शिका. निघण्याआधी चार गोष्टी जमल्या पाहिजेत: मदतीशिवाय चढणं-उतरणं, सलग 10 मिनिटं खोगिरावर उठबस करत ट्रॉट (दुडकी चाल), मोकळ्या मैदानात कँटर (संथ दौड), आणि कँटरमधून घोडा शांतपणे कदमावर, म्हणजे साध्या चालीवर आणणं. चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. अपघात घोडा पळाल्यामुळे क्वचित होतात. तो थांबवता न आल्यानं घाबरलेला माणूस लगाम ओढून धरतो, तोंड दुखलेला घोडा आणखी पळतो, तेव्हा होतात.

सोबत जिने चढा, उकिडवं बसा, मांडीच्या आतल्या स्नायूंना ताण देणारे व्यायाम करा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या. तबेल्याच्या मातीत त्याचे जंतू असतातच. प्रवासविमा काढताना घोडेस्वारी त्यातून वगळलेली नाही ना, हे कागदावर वाचून घ्या.

घोडा आणि घोडेवाला

इथला घोडा मारवाडी. सारंगखेड्याच्या यात्रेत तो अनेकांनी पाहिलेला असतो: आत वळलेले, टोकाला टोक भिडणारे कान, लांब मान, बारीक कातडी. दमदार आहे, पण तोंडाचा फार हलका. लगाम हातात पाखरू धरल्यासारखा धरला की तो ऐकतो. ओढलात की मान वर टाकून पाठ ताठ करतो. काही मारवाडी घोडे रेवाल चालतात, म्हणजे न उसळता भरभर. त्या चालीत उठबस करू नका, नुसते बसून राहा. आराम वाटेल.

आयोजक निवडताना पाच-सहा प्रश्न सरळ विचारा. स्वाराच्या वजनाची मर्यादा किती? मारवाडी घोडा साधारण 350 ते 400 किलोचा असतो आणि त्यानं खोगिरासकट स्वतःच्या वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंत भार वाहावा, असा सर्वसाधारण हिशोब आहे. म्हणजे खोगिराचे 8-10 किलो धरून 70-80 किलो. तुमचं वजन न विचारताच नोंदणी करून घेणाऱ्याकडे जाऊ नका. वजन जास्त असेल तर उंच, रुंद हाडाचा घोडा मिळेल का, रोजचं अंतर कमी होईल का, ते आधी ठरवा. घोड्यांची ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची तपासणी झाल्याचा दाखला आहे का? सोबत नालबंद किंवा नाल ठोकू शकणारा साईस (घोडा सांभाळणारा), पाण्याची टाकी आणि जीप असेल का? एका म्होरक्यामागे किती स्वार? सहाच्या वर असतील तर शेवटी दुसरा जाणता माणूस हवा. आणि लगामाची तोंडातली कडी कुठली? काटेरी लगामावर कायद्यानं बंदी आहे, तरी तो कुठे कुठे दिसतो. दिसला तर बदलून मागा. नाही दिला तर चढू नका.

सामानात हेल्मेट स्वतःचं न्या, घोडेस्वारीचंच. सायकलचं चालत नाही, त्याचा मागचा भाग उघडा पडतो. बूट घोट्याच्या वर येणारे, गुळगुळीत तळाचे, साधारण दोन-अडीच सेंटीमीटर टाचेचे. ट्रेकिंगचे जाड खाचांचे बूट रिकिबीत (पाय ठेवायच्या कडीत) अडकतात, आणि पडताना पाय अडकणं हा या खेळातला सर्वांत वाईट प्रकार. शिवण नसलेली अंतर्वस्त्रं, पातळ हातमोजे, धुळीसाठी उपरणं, व्हॅसलीन, ओआरएस. पाठीवर सॅक नको. ती कँटरमध्ये आपटते आणि तोल बिघडवते. कमरेचा छोटा पाउच पुरे. बाकी सामान मऊ बॅगेत, जीपमध्ये.

चढण्याआधीची दहा मिनिटं

साईस घोडा कसून देईल, तरी रोज सकाळी स्वतः पाहा. खोगीर ठेवण्याआधी पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटांची टोकं दाबत खांद्यापासून कमरेपर्यंत न्या. एखाद्या जागी घोड्यानं पाठ खाली ओढली, कान मागे टाकले किंवा शेपूट झटकली, तर तिथे दुखतंय. केस उलटे फिरलेली किंवा गरम लागणारी जागा म्हणजे उद्याची जखम. मग नमदा (खोगिराखालचं जाड कापड) पाहा: वाळलेल्या घामाचे खडे, घडी, काटा, काहीही नको. तो थोडा पुढे ठेवून मागे सरकवा, म्हणजे केस सरळ बसतात. आणि मणक्यावर ताणला जाऊ नये म्हणून खोगिराच्या पोकळीत वर उचलून घ्या.

तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, एकदम आवळू नका. आधी सैल, मग दोन बोटं जातील इतका. पुढचा एकेक पाय उचलून पुढे ताणला की तंगाखालची कातडीची सुरकुती निघते; ही सुरकुती राहिली की दुपारपर्यंत तिथे सोलवटतं. निघाल्यावर 10-15 मिनिटांनी तंग पुन्हा तपासा, कारण तंग आवळताना बरेच घोडे पोट फुगवून धरतात. रिकिबीच्या लांबीसाठी बोटांची टोकं पट्ट्याच्या वरच्या कडीला लावा. रिकीब काखेत आली की बरोबर. लांबच्या स्वारीला त्यापेक्षा एक भोक लांब ठेवलेलं गुडघ्यांना सोसतं. चढताना ओट्यावरून किंवा दगडावरून चढा. जमिनीवरून रोज चढल्यानं खोगीर एका बाजूला ओढलं जातं आणि पाठ लागते.

वाटेवर

पहिली आणि शेवटची 15-20 मिनिटं कदमच. मधे ट्रॉट आणि कदम आलटून पालटून. कदमाचा वेग ताशी 6 किलोमीटर, ट्रॉटचा 12 च्या आसपास, म्हणजे 25 किलोमीटरला थांबे धरून साडेचार-पाच तास लागतात. तासातून एकदा उतरा आणि 10 मिनिटं घोड्यासोबत चाला. त्याची पाठ मोकळी होते, तुमचे गुडघेही.

कँटर कुठे करायचा ते म्होरक्याला ठरवू द्या. दोन्हीकडच्या बांधांमधली मऊ वाळूची गाडीवाट उत्तम, पण घोट्याच्या वर रुतणारी वाळू घोड्याच्या पायांच्या कंडरांना (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांना) महागात पडते. तिथे कदमच हवा. वाळूच्या चढांवर उंदरांची बिळं असतात, वरून भक्कम दिसणारी जमीन पायाखाली बसते. म्हणून पडीक रानात पसरून दौडू नका, पुढच्या घोड्याच्या मागावर राहा, पण एका घोड्याइतकं अंतर सोडून. बऱ्याच ठिकाणी स्वारीला नर घोडे वापरतात आणि चिकटलेला घोडा लाथ खातो. रब्बीची पिकं उभी असतात तेव्हा शेतातून मुळीच जायचं नाही. सरकारी नकाशातली वहिवाट, जिला तिथे कटाणी रस्ता म्हणतात, तीच धरायची. नव्यानं लावलेली काटेरी तार उन्हात दिसत नाही, म्हणून वळणावर वेग कमी.

भुरट नावाचं गवत लक्षात ठेवा. त्याची काटेरी बोंडं मोजे, लगाम, घोड्याच्या घोट्यावरचे केस, सगळीकडे चिकटतात. बोटांनी ओढली की काटे बोटात तुटतात. कंगव्यानं किंवा खराऱ्यानं काढा. तंगाखाली एक जरी राहिलं तरी घोडा उसळतो, आणि लोक त्याला खोडकर ठरवतात.

गावातली कुत्री मागे लागली तर पळवू नका. घोडा वळवून त्यांच्याकडे तोंड करा, ती थबकतात. सीकर-फतेहपूर महामार्ग ओलांडताना सगळ्यांनी एका ओळीत, बाजूबाजूला उभं राहायचं आणि एकदमच पलीकडे जायचं. अर्धे पलीकडे, अर्धे अलीकडे झाले की मागे राहिलेले घोडे ट्रकसमोर धावतात. लग्नसराईत डीजेची वरात दिसली तर उतरून गल्ली बदला.

पाणी

1799 मध्ये मराठ्यांचे सरदार वामनराव आणि त्यांच्या बाजूनं लढणारा आयरिश भाडोत्री सेनानी जॉर्ज थॉमस जयपूरच्या फौजेविरुद्ध फतेहपूरला आले. खोल वाळूतून लांब मजल मारून पोचले तो गावकरी विहिरी बुजवत होते. शेवटची विहीर हाती लागली म्हणून फौज वाचली. चार मिनारांच्या त्या उंच विहिरी आजही वाटेवर दिसतात, पण बऱ्याच कोरड्या किंवा खारट. त्यांच्या भरवशावर राहू नका. काम करणाऱ्या घोड्याला दिवसाला 25 ते 40 लिटर पाणी लागतं, म्हणजे सहा घोड्यांना 200 लिटर धरा. ते जीपमध्ये हवं. थंडीत घोडे बर्फगार पाणी कमी पितात, आणि कमी पाणी व कोरडा चारा मिळून पोट अडकतं. कोमट पाणी दिलं तर बादली रिकामी होते. गरम घोड्याला पाणी देऊ नये हा समज चुकीचा आहे. थोडं थोडं पाजा आणि चालता ठेवा. चंदी (दाणा) मात्र कामानंतर तासभर थांबून.

चारा वाळूवर टाकू देऊ नका. चाऱ्यासोबत वाळू पोटात जाऊन साठते आणि पोटशूळ होतो. ताडपत्री किंवा तोबरा वापरा. घोडा पुढच्या पायानं जमीन खरवडतोय, मान वळवून कुशीकडे बघतोय, लीद बंद झालीय, लोळतोय, यातलं काही दिसलं की चारा बंद आणि पशुवैद्याला फोन, लगेच. सकाळपर्यंत वाट पाहायची नाही.

मुक्कामाला पोचल्यावर जबड्याखालच्या शिरेवर बोट ठेवून नाडी मोजा. 20 मिनिटांत ती मिनिटाला 60 च्या खाली आली पाहिजे. येत नसेल तर आजचं अंतर किंवा वेग जास्त झाला. उद्याचा टप्पा कमी करा किंवा घोडा बदला. खोगीर काढल्यावर ओल्या पाठीवर घामाचा ठसा बघा: मधेच कोरडा राहिलेला चट्टा म्हणजे तिथे खोगीर जास्त दाबतंय. खूर आकड्यानं साफ करताना नालाचे खिळे हलवून पाहा.

गढ आणि हवेल्यांसाठी दुपारनंतरचे दोन तास पुरतात. मंडावा आणि डुंडलोदच्या किल्ल्यांत राहता येतं. लक्ष्मणगढचा मोठमोठ्या शिळांवर उभा असलेला गढ खासगी आहे. चढण चढून मंदिरापर्यंत जाता येतं आणि वरून गावाची चौकटीची आखणी स्पष्ट दिसते. नवलगढची पोद्दार हवेली 1902 ची, आता संग्रहालय. चित्रं नीट पाहायची असतील तर तिथे जा. ही घरं बांधणारे व्यापारी मुंबई-कलकत्त्याला पैसा कमावून इथे भिंती रंगवत होते. वर्ध्याचे जमनालाल बजाज मूळचे सीकरजवळच्या काशी का बास या गावचे.

पडलात आणि डोक्याला मार लागला तर बरं वाटत असलं तरी त्या दिवशी परत चढायचं नाही, आणि ते हेल्मेट पुन्हा वापरायचं नाही. सीकर आणि झुंझुनूला जिल्हा रुग्णालयं आहेत. जीपवाल्याला दोन्हींची वाट माहीत असल्याची खात्री पहिल्याच दिवशी करा.

शेवटच्या दिवशी नवलगढला दुपारी तीनपर्यंत पोचायचा बेत ठेवा. घोड्याची पाठ साईससोबत उजेडात पाहून घ्या, काही लागलं असेल तर मालकाला दाखवा, म्हणजे त्याला पुढच्या गटाआधी विश्रांती मिळेल. बक्षिशी साईसच्या हातात द्या, कार्यालयात नको. जयपूर तिथून गाडीनं तीन-साडेतीन तास आहे. त्याच रात्रीची गाडी पकडण्यापेक्षा एक मुक्काम वाढवा.