व्हिएतनामहून औषधी मुळं-पानं आणताय? या चुका टाळा

हनोईच्या जुन्या भागात लान ओंग नावाचा रस्ता आहे, अठराव्या शतकातल्या एका नामांकित वैद्याच्या नावाचा. तिथे सुकी मुळं, साली आणि पानं विकणारी दुकानं आहेत. आपले पर्यटकही आता तिथून सांधेदुखीवर म्हणून पुड्या आणतात आणि गुण आला नाही की झाडाला नावं ठेवतात. बहुतेकदा घोळ वेगळाच असतो. झाडातलं द्रव्य पोटापर्यंत पोचलेलंच नसतं, नाहीतर भलतंच पोचलेलं असतं.

हळदीचंच घ्या. व्हिएतनाममध्ये ‘तिन बोत न्घे’ नावाची पिवळी पूड सर्रास मिळते. ओली हळद वाटतात, पाण्यात कालवून गाळतात, वरचं पाणी पुन्हा पुन्हा ओतून देतात आणि तळाचा साका सुकवतात. हे मुख्यतः हळदीचं पिष्ट. हळदीतलं पिवळं, औषधी मानलं जाणारं द्रव्य म्हणजे कर्क्युमिन. ते पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे थोडं साक्यात राहतं, पण किती, ते पुडीगणिक बदलतं. तेव्हा ‘शुद्ध कर्क्युमिन’ समजून तिला जादा पैसे मोजू नका. तिथले लोक ही पूड मधात कालवून पोटाच्या तक्रारींवर घेतात, गुडघ्यांसाठी तिच्यावर भिस्त ठेवणं अवघड आहे. मुळात सुक्या हळदीत कर्क्युमिन साधारण २ ते ५ टक्के, आणि आतडी तेही फारसं शोषत नाहीत.

मग मिरी घालायची का? १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बंगळुरूच्या अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरिन, म्हणजे मिरीतलं तिखट द्रव्य, दिल्यावर शोषण सुमारे वीस पट वाढलं. स्वयंपाकात चिमूटभर मिरी घालायला हरकत नाही. पण पायपरिनवाल्या तीव्र कॅप्सूलमुळे काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका.

मुळं-साली मातीच्या भांड्यात तीन वाट्यांची एक वाटी होईपर्यंत आटवतात. लोखंडी भांडं नको, टॅनिनमुळे काढा काळा पडतो. ‘तिया तो’ (पेरिला) या झुडपाच्या सुवासिक पानांना मात्र हा न्याय लावू नका, त्यांचं तेल वाफेबरोबर उडून जातं. म्हणून तिथे सर्दी झाली की ती आयत्या वेळी चिरून गरम पेजेत घालतात.

आता जिवावर बेतणारी चूक. उत्तरेकडच्या डोंगराळ भागात ‘औ तौ’ नावाचा कंद, आपल्या बचनागाच्या कुळातला, दारूत मुरवून दुखऱ्या सांध्यांना चोळतात. चोळतात, पीत नाहीत! अशी दारू पिऊन माणसं दगावली आहेत. ‘पण उत्तरेकडच्या ‘हा ज्यांग’ भागात तर याच कंदाची पेज खातात,’ असं कुणी म्हणेल. खातात, पण कंद आधी भिजवून, मग कित्येक तास शिजवून. त्या उकळण्यात कंदातल्या ॲकोनिटिन या विषाचं विघटन होऊन विषारीपणा बराच उतरतो. दारूत मात्र ते न मोडता तसंच मिसळतं. आपले वैद्यही शोधन केल्याशिवाय बचनागाला हात लावत नाहीत. ओठ-जीभ बधिर झाली, छातीत धडधडलं, तर थेट रुग्णालय गाठा. यावर उतारा नाही.

रानातून खुडलेली ताजी पानंही नकोत. बाळंतिणीला देतात त्या ‘चे वांग’च्या जागी ‘ला न्गोन’ ही जहाल विषारी वेल आल्याने विषबाधा झाल्या आहेत. चे वांगच्या पानात देठापासून तीन ठळक शिरा निघतात आणि फूल पांढरं असतं. ला न्गोनचं फूल पिवळं. सुकलेल्या चुऱ्यात हे काहीच ओळखू येत नाही.

आणि ‘घराण्याची’ म्हणून मिळणाऱ्या काळ्या गोळ्यांनी दोन दिवसांत सूज उतरली, तर आनंदाआधी संशय घ्या. अशा गोळ्यांत डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइड्स सापडलेली आहेत. त्या काही आठवडे घेतल्या असतील, चेहरा गोल दिसू लागला असेल, तर एकदम बंद करू नका. उरलेल्या गोळ्या वेष्टनासकट डॉक्टरांना दाखवा आणि डोस त्यांच्या सल्ल्यानेच उतरवा.